टेकडी हिरवी झाली, पण गवत कुठे गेलं?

प्रश्न असा आहे : "शहर वाढलं की वनस्पतींची विविधता घटते, असं सगळीकडे वाचतो. पण मी चाळीस वर्षं पुण्यात राहतोय. माझ्या लहानपणी वेताळ टेकडी बोडकी होती, आता तिथे दाट झाडी आहे. रस्त्यांना झाडं आहेत, सोसायट्यांत बागा आहेत. मग घटलं ते नेमकं काय?"

प्रश्न रास्त आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरून विचारलाय, म्हणून तर जास्तच मोलाचा. मी वनस्पतिशास्त्र शिकवत आलो आणि तीसेक पावसाळे विद्यार्थ्यांना घेऊन याच टेकड्यांवर फिरलो आहे. थोडक्यात सांगायचं तर घटलं ते गुडघ्याच्या खालचं. आपण मान वर करून मोजतो आणि नुकसान पायाशी झालेलं असतं.

आधी त्या 'बोडकी' शब्दाबद्दल. पुण्याच्या टेकड्या म्हणजे काळ्या पाषाणावर कुठे वीतभर, कुठे चार बोटं माती. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. अशा जागी घनदाट जंगल मुळात नव्हतंच. तिथे होता गवताळ माळ आणि त्यात अंतराअंतरावर उभी असलेली सालई, मोई, मेडशिंग, गणेर, हिवर, पांगारा, पाचुंदा ही झाडं. यांतले बहुतेक उन्हाळ्यात पानं गाळणारे. त्यामुळे एप्रिलात टेकडीचा फोटो काढला तर ती उजाडच दिसणार. पण हीच टेकडी ऑगस्टमध्ये बघा. जमिनीखाली आठ महिने झोपलेले कंद पहिल्या दोन पावसांत जागे होतात. काळी मुसळी, सफेद मुसळी, दीपकाडी, जमिनीवर वाढणाऱ्या आमरी म्हणजे ऑर्किड, कंदीलपुष्पाचे वेल. त्यांचं सगळं आयुष्य त्या चार महिन्यांत उरकतं. तुमच्या लहानपणीची टेकडी रिकामी नव्हती. तिची श्रीमंती जमिनीखाली होती.

विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग करायला लावतो. सुतळीची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची, ऑगस्टच्या मध्यावर ती उघड्या गवतात टाकायची आणि गुडघे टेकून आत काय काय आहे ते लिहायचं. पहिली पाच मिनिटं सगळे म्हणतात, "सर, गवतच आहे." मग हळूहळू डोळा बसतो. गवतातच पवना वेगळा, डोंगरी वेगळं, कुसळी वेगळी, मारवेल वेगळं. त्यांच्या बुडाशी आभाळीची निळीजांभळी फुलं, विष्णुक्रांता, जमिनीला चिकटून बसलेला भुईगेंद, कवल्याची पिवळी फुलं, केना, तेरडा, आणि नशीब असेल तर दीपकाडीचा एखादा दांडा. अर्ध्या तासानेही यादी संपलेली नसते. मग तीच चौकट उचलून दोनशे पावलांवर गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या दाटीत टाकायची. तिथे गिरिपुष्पाचीच रोपं, रानतुळशीचं रान, थोडा टाकळा, कडेला घाणेरी. यादी पाच मिनिटांत संपते. दुरून बघणाऱ्याला मात्र दुसरी जागा जास्त हिरवी दिसते, आणि उपग्रहाच्या चित्रातही ती तशीच दिसते.

हे झालं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. गेल्या चार-पाच दशकांत टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून लवकर वाढणारी, गुरं तोंड लावत नाहीत अशी, फांदी खोचली तरी जगणारी झाडं निवडली गेली. गिरिपुष्प मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ते आणि सुबाभूळ दोन्ही शेंगावर्गीय, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणणारी. शेतकऱ्याला हा गुण सोन्यासारखा, पण माळाला तो घातक ठरतो. माळावरची गवतं आणि कंद हलक्या, नत्र कमी असलेल्या मातीवर जगायला शिकलेले आहेत. तिथे खत पडलं की त्यांचा फायदा होत नाही, तो होतो भराभर वाढणाऱ्या तणांचा. त्यात वरून सावली आली. पवन्यासारख्या गवताला लख्ख ऊन लागतं, सावलीत ते विरळ होत जातं आणि एके वर्षी दिसेनासं होतं. लागवडीसाठी सलग समतल चर खणले गेले. पाणी मुरवायला ते उपयोगी आहेत, नाही असं नाही. पण चार बोटं माती असलेल्या जागी चर खणताना खालचे कंद वर येऊन वाळले आणि मुरूम वर पसरला. मुरमावर पहिलं येतं ते गाजर गवत.

गाजर गवताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. हे तण भारतात आल्याची जी नोंद 1956 मध्ये प्रसिद्ध झाली, ती पुण्यातलीच. आज देशभर पसरलेल्या या वनस्पतीची पहिली नोंद आपल्या शहरातल्या कचऱ्याच्या ढिगावर व्हावी, हा योगायोग नाही. शहर हे वनस्पतींसाठी बंदर असतं. धान्याच्या पोत्यांतून, वाळूच्या ट्रकमधून, रोपवाटिकेच्या कुंडीतून, बुटाच्या चिखलातून बी येतं. खणलेली, उकरलेली, मोकळी पडलेली जमीन त्याची वाट बघत असते. सध्या हीच गत कॉसमॉसची आहे. मेक्सिकोतलं हे बागेतलं फूल कुंपणाबाहेर पडलं आणि आता सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्याभोवतीचे डोंगरउतार नारिंगी-पिवळे होतात. लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. मला ते बघवत नाही, कारण त्याच उतारावर तेरडा आणि कवला कुठवर यायचा ते मला आठवतं.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, शहरात झाडं वाढलीत हा, तोही खरा आहे. वनस्पतिशास्त्रात ही गोष्ट बऱ्याच आधी लक्षात आली. कितीतरी शहरांत वनस्पतींच्या जातींची नुसती संख्या आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा जास्त भरते. माणसं बागेसाठी जगभरातून झाडं आणतात, शिवाय शहरात नदी, भिंत, माळ, गटार, उद्यान असे नाना प्रकारचे कोपरे असतात. पण यादी लांब झाली म्हणजे विविधता वाढली, असं होत नाही. 2014 साली जगातल्या 110 शहरांतल्या वनस्पतींच्या नोंदी एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की तेवढ्याच क्षेत्रात शहर नसतं तर जितक्या स्थानिक जाती असायला हव्यात, त्याच्या साधारण चौथाईच शहरात उरल्या आहेत. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती, ती लोक सांगत नाहीत. बहुतेक शहरांत ज्या जाती उरल्या आहेत, त्यांत अजूनही स्थानिकच जास्त आहेत. म्हणजे राखण्यासारखं अजून पुष्कळ आहे.

यातलं खरं दुखणं आहे सारखेपणाचं. पुण्यात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, नीलमोहर. बेंगळुरूत तेच, हैदराबादेत तेच. आता नव्या सोसायट्यांत फॉक्सटेल पाम आणि वेडेलिया या पिवळ्या फुलांच्या पसरट वेलीचा गालिचा, तोही सगळीकडे एकच. प्रत्येक शहराच्या यादीत भर पडते आणि सगळ्या शहरांची मिळून एकच यादी होत जाते. सालई आणि गणेर मात्र रोपवाटिकेत मागून बघा, मिळतात का.

पुण्याचं एक भाग्य असं की इथे काय होतं, ते आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे, प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला तो 1901 ते 1908 या काळात भागाभागाने छापला गेला, आणि आजही आम्ही तो टेबलावर ठेवून काम करतो. त्यात वनस्पती कुठे मिळाली तेही दिलेलं असतं. खडकी, कात्रज घाट, चतुःशृंगी ही नावं तिथे भेटतात. गणेशखिंडीची वनस्पती बाग 1873 ची, आघारकर संस्थेचं काम 1946 पासूनचं, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून इथेच आहे. वाळवून कागदावर चिकटवलेले जुने नमुने समोर घेतले, त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि मग त्या जागी जाऊन उभं राहिलं, की शहरीकरण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता एका वनस्पतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण शहर नेमकं कुठे कुठे घाव घालतं ते तिच्यात स्पष्ट दिसतं. कंदीलपुष्प, सेरोपेजिया बल्बोसा. बोटाएवढ्या जाडीचीही नाही अशी नाजूक वेल, बोरीच्या किंवा तोरणीच्या काटेरी जाळीचा आधार घेऊन चढणारी. फूल तळाशी फुगीर, वर नळी, आणि नळीच्या टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेलं छोटंसं छप्पर, हुबेहूब कंदील. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. एखादी चिलटासारखी बारीक माशी वासाने आत शिरते, केसांमुळे तिला परत वर चढता येत नाही. ती तळाशी अडकते, परागकण अंगाला लागतात. मग केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी सुटून पुढच्या फुलात जाते. पुढे शिंगासारख्या जोडशेंगा येतात. त्या फुटल्या की प्रत्येक बी रेशमी तंतूंचा झुपका लावून वाऱ्यावर निघतं. कंद गोड असतो, गुराखी आणि टेकडीखालच्या वस्तीतली मुलं तो खात.

या वेलीला काय काय लागतं ते मोजा. न उकरलेली माती. चढायला काटेरी जाळी. ती विशिष्ट माशी, म्हणजे त्या माशीच्या अळ्यांना वाढायला जागा. आणि बी जिथे पडेल तिथे पुन्हा माती. शहर टेकडी खाऊन टाकत नाही, तिचे तुकडे करतं. मध्ये रस्ता, मध्ये सोसायटी, मध्ये पार्किंग. तुकड्यात वेल उरते, पण वाऱ्यावर निघालेलं बी डांबरावर नाहीतर पेव्हर ब्लॉकवर उतरतं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात क्रेपिस सँक्टा या छोट्या रानफुलावर झालेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. हे झाड दोन प्रकारचं बी देतं, वाऱ्यावर उडणारं हलकं आणि जागच्या जागी पडणारं जड. रस्त्यावरच्या झाडांच्या आळ्यांत वाढणारी ही फुलं अवघ्या काही पिढ्यांत जड बी जास्त द्यायला लागली होती, कारण उडालेलं बी फरशीवर पडून फुकट जात होतं. क्रेपिसकडे दोन पर्याय होते. कंदीलपुष्पाकडे एकच आहे.

माझ्या नेहमीच्या वाटेवर, एका टेकडीच्या पायथ्याशी, रिकाम्या प्लॉटच्या कडेला कंदीलपुष्पाचे बरेच वेल होते. दरवर्षी जुलैच्या शेवटी मी विद्यार्थ्यांना तिथे नेत असे. एका जूनमध्ये गेलो तर जेसीबी उभा होता आणि पायाचा खड्डा घेतलेला होता. मातीच्या ढिगावर तीन-चार कंद पडलेले दिसले, लहान बटाट्याएवढे, एका बाजूने चिरलेले. मुकादमाला विचारून उचलले आणि वर जाळीच्या बुडाशी लावले. दोन जगले. पुढच्या वर्षी त्यांना फुलं आली, शेंगा मात्र आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. कंद जिवंत आहे म्हणून दरवर्षी वेल येते, आपण यादीत 'आहे' असं लिहितो. पण तिला लेकरं नाहीत. फक्त म्हातारी माणसं उरलेल्या गावासारखी ही अवस्था असते, आणि शहरातल्या कितीतरी कंदवर्गीय वनस्पती आज याच अवस्थेत आहेत. त्या आजच्या नोंदीत असतात, पुढच्या पिढीच्या नोंदीत नसतील.

नदीचं थोडक्यात सांगतो. मुळा-मुठेच्या काठाला वाळुंज, करंज, उंबर, आणि पाण्यात खडकांच्या फटींतून शेरणीची झुडपं, ही मूळची मंडळी. शेरणी पुरात वाकते, पूर ओसरला की उभी राहते, मुळं खडक सोडत नाहीत. तिला वाहतं, स्वच्छ पाणी आणि उघडा खडक लागतो. सांडपाणी आलं, प्रवाह संथ झाला की पाण्यावर जलपर्णी चढते आणि काठाला भराव पडला की शेरणीची जागाच जाते. औंधजवळ राम नदी मुळेला मिळते त्या संगमाच्या बाजूला अजून जुन्या काठाचा एक तुकडा दिसतो. एकदा जाऊन बघा, म्हणजे नदीला काठ असतो आणि तो भिंतीसारखा नसतो, हे कळेल.

शहर फक्त घालवतंच असं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या, घाटांच्या चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींवर एक निराळंच जग होतं. चुना आवडणारे नेचे, हंसराज, फटीतून डोकावणारी लिंडेनबर्गियाची पिवळी फुलं, आणि अर्थात पिंपळ. या वनस्पतींच्या दृष्टीने भिंत म्हणजे डोंगराचा कडा. माणसाने बांधलेल्या जागेत निसर्गाने केलेली ही वस्ती होती. वाडा पडून सिमेंटची इमारत आली, भिंतीला रंग लागला, की तेही गेलं. म्हणजे जुन्या शहरात जी विविधता मुरली होती, तीसुद्धा नव्या शहराने घालवली. याकडे फार कमी लोकांचं लक्ष आहे.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. चांगलं झालं. पण कायदा झाडाचा आहे. माळावरचं गवत, कंद, आमरी, वेल यांना त्यात जागा नाही. आणि भरपाईची ती झाडं लावायला मोकळी जागा कुठे दिसते? टेकडीच्या माळावर. एकीकडे वड तुटतो आणि त्याच्या बदल्यात खड्डे पडतात ते गवताळ माळात. मी अशा वृक्षारोपणांना गेलो आहे, हातात रोप घेतलेल्या मुलांचे चेहरे बघितले आहेत. त्यांना 'इथे लावू नका' म्हणणं फार जड जातं. तरी म्हणावं लागतं, आणि कुठे लावायचं ते दाखवावं लागतं. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, खणून टाकलेल्या जागी लावा. जिथे पावसाळ्यात गवत आपणहून उभं राहतं, तिथे नको.

करता काय येईल? टेकड्यांवर बांधकाम होऊ न देणं हे तर पहिलं, त्याविना बाकी सगळं व्यर्थ. त्यानंतर गिरिपुष्प एकदम तोडायचं नाही. एकदम ऊन आलं तर त्या जागी घाणेरी आणि रानतुळसच माजते. जिथे खाली मोई, मेडशिंग, वावळ, दातरंगी यांची रोपं आपणहून आली आहेत, तिथे वरची फांदी छाटत जायची, त्यांना उजेड द्यायचा. दहा-पंधरा वर्षांचं काम आहे, फोटो काढण्याजोगा कार्यक्रम त्यात नाही. गवत कापायचं असेल तर बी पडल्यावर, दिवाळीनंतर. सप्टेंबरात ग्रासकटर फिरवला की वर्षभराचं बी जातं. घाणेरी आणि कॉसमॉस फुलायच्या आत उपटायचं, फुलल्यावर नाही. गाजर गवताचंही तेच, पण हातमोजे घालून, त्याची ॲलर्जी वाईट असते.

सोसायटीत राहत असाल तर एकच आग्रह धरा : आवाराचा एक कोपरा तसाच सोडा. बाहेरची लाल माती नको, लॉन नको, पेव्हर ब्लॉक नको. मूळची माती राहू द्या, आणि पहिली दोन वर्षं नुसतं परकं तण काढत राहा. बावधनजवळच्या एका सोसायटीने माझ्या सांगण्यावरून असा खोलीएवढा तुकडा सोडला. पहिल्या पावसाळ्यात सगळं गाजर गवत आलं, लोक वैतागले. माळीबुवांनी मात्र चिकाटीने ते उपटलं. तिसऱ्या वर्षी आभाळी आली, पाठोपाठ विष्णुक्रांता. कुणी लावलं नव्हतं, मातीत बी होतं.

आणि स्वतः बघायचं असेल तर येत्या ऑगस्टमध्ये, पाऊस उघडलेल्या सकाळी, सुतळीची चौकट घेऊन टेकडीवर जा. पायवाट सोडून फार आत शिरू नका. एक चौकट उघड्या गवतात, एक झाडीत. नावं येत नसली तरी चालेल, पानांचे आकार वेगळे मोजा. फोटो काढा, तारीख लिहा. दरवर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात जा. कंदीलपुष्प किंवा आमरी सापडली तर मला जरूर कळवा, पण नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नका. कंद उकरून विकणारे लोक आहेत, आणि ते आपल्या आधी पोहोचतात.